तळटीप ७ : पॅक-१२
७. पॅक-१२ : अमेरिकेच्या पश्चिमेकडील विद्यापीठांचा, आपसांत सामने खेळणारा क्रीडागट. स्थापना १९१५, प्रस्तुत नाव २०११ पासूनचे. जून २०२२ मध्ये यूएससी व यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी बिग टेन गटात जाण्याचे जाहीर केले. त्या गटाचा नवा प्रक्षेपण-करार सात वर्षांचा, सुमारे ७०० कोटी डॉलरचा होता. त्यातली मोठी कमाई अमेरिकी फुटबॉलची. २०२३ मध्ये आणखी आठ विद्यापीठांनी पॅक-१२ सोडून इतर गटांत जाण्याचे ठरवले आणि २०२४ च्या हंगामाला ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट एवढीच उरली. फुटबॉलसाठी झालेल्या या फाटाफुटीची झळ इतर खेळाडूंना अधिक बसली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या व्हॉलीबॉलपटू मुली आता नव्या गटातील सामन्यांसाठी थेट अटलांटिक किनाऱ्यापर्यंत जातात.