लिहिता न येणाऱ्या बाईचं पुस्तक

रविवारी रात्री अमेरिकेच्या दक्षिणेतलं घरगुती जेवण करायचं ठरवलं. हॉपिन जॉन, भेंडीचं गम्बो आणि मक्याची भाकरी. सामान ओट्यावर मांडलं: लाल चवळी, तांदूळ, मक्याचं पीठ, भेंडी, टोमॅटो. बेकनचं पाकीट सोडलं, तर सगळं आपल्याच वाण्या-भाजीवाल्याकडचं.

हॉपिन जॉन म्हणजे चवळी घालून केलेला भात. त्याची कृती १८४७ सालच्या ‘द कॅरोलिना हाउसवाइफ’ या पुस्तकात आहे. चवळी अर्धवट शिजली की बेकन, पूर्ण शिजली की धुतलेले तांदूळ. अर्ध्या तासाने भांडं निखाऱ्यांवर ठेवून वाफ जिरू द्यायची. पुस्तकावर लेखिकेचं नाव नव्हतं, ‘चार्ल्सटनची एक स्त्री’ एवढंच होतं. ती होती सारा रटलेज. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर तिच्या वडिलांची सही आहे.

साराने नाव स्वतःहून झाकलं. पण तेव्हा चार्ल्सटनमधल्या अशा घरांत चुलीपुढे गुलाम बायका असत. त्यांना नाव द्यायचं की नाही, हे कुणी विचारलंच नाही. चवळी मुळात आफ्रिकेतली. ‘गम्बो’ हा शब्दही भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलेला. कॅरोलिनाच्या दलदलीत भात पिकवला तो आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी, आणि त्यांतल्या अनेकांना भातशेती आधीपासून येत होती. आज जगभर या जेवणाला ‘कम्फर्ट फूड’ म्हणतात. तेव्हा हा आराम एकीच्या ताटात होता आणि कष्ट दुसरीच्या हातात.

मग माझ्या हाती १८८१ सालचं दुसरं पुस्तक लागलं. त्यावर मात्र नाव आहे: मिसेस फिशर. ॲबी फिशर साउथ कॅरोलिनात गुलामगिरीत जन्मली. १८६५मध्ये गुलामगिरी संपली. पुढे ती कुटुंबासह सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि तिथे लोणची-मुरंबे करून विकू लागली. प्रदर्शनांत तिला पदकं मिळाली. पण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती सांगत गेली, दुसऱ्यांनी उतरवून घेतलं.

उतरवणाऱ्यांना काही शब्द कळलेच नाहीत. मका-घेवड्याच्या ‘सकोटॅश’चं पुस्तकात ‘सर्किट हॅश’ झालं, ‘जम्बलाया’चं ‘जम्बर्ली’. मी आधी हसलो. मग वाटलं, या चुका कुणी सुधारल्या नाहीत तेच बरं. तिचा उच्चार त्यांच्या कानावर कसा पडला, ते त्यातच उरलंय.

तिची मक्याची भाकरी अशी: पिठात थोडी चरबी, कपभर उकळतं पाणी, आणि तापल्या तव्यावर भाजायची. गरम पाण्यात पीठ मळणं आपल्याला शिकवावं लागत नाही, त्यामुळे ती पहिल्याच फटक्यात जमली. गम्बो मात्र जरा चिकट झालं.

पुस्तकातली शेवटची कृती तान्ह्या बाळाच्या पेजेची आहे. तिथे ती सांगते, मी ११ मुलांना जन्म दिला आणि याच खाण्यावर वाढवलं. इतकी वर्षं जिच्यासारख्यांच्या कृती दुसऱ्यांच्या पुस्तकांत जात राहिल्या, तिने आपलं पुस्तक आपल्या लेकरांवर आणून संपवलं.

भाकरी मी तव्यावरून थेट ताटात घेतली आणि चवळीभाताबरोबर गरमगरम खाल्ली.