शब्दार्थ : रद्दबातल

मामलेदाराचा आदेश असो वा न्यायालयाचा निवाडा, तो मोडीत निघाला की मराठी बातमीत ‘रद्दबातल’ हा शब्द हमखास येतो. ‘पूर्णपणे रद्द’ एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. मुळात मात्र हा दोन शब्दांचा जोड आहे आणि त्यांचे अर्थही दोन आहेत.

दोन्ही शब्द मूळचे अरबी असून फारसीच्या वाटेने मराठी दप्तरात रुळले. ‘रद्द’ म्हणजे परतवणे, नाकारणे. ‘रद्दी’ आणि ‘रदबदली’ ही त्याचीच भावंडे. ‘बातल’ हे ‘बातिल’चे मराठी रूप, त्याचा अर्थ खोटे, निराधार, निष्फळ. रद्द होणारी गोष्ट तोवर वैध असू शकते. बातल गोष्टीत मुळातच दम नसतो.

हा भेद केवळ कोशापुरता नाही, हे डिचोलीच्या खाणपट्ट्याला ठाऊक आहे. गोव्यातील खाण लिजांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे त्यानंतरचे उत्खनन बेकायदा ठरले. पुढे 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने 88 लिजांचे दुसरे नूतनीकरण रद्दबातल ठरवले; तरी 15 मार्चपर्यंत काम चालू ठेवण्यास मुभा दिली. पहिल्या निवाड्याचा परिणाम मागच्या तारखेपासून झाला, दुसऱ्याचा पुढच्या.

याच कुळातील इतर शब्दही नेमके वापरावे लागतात. पेडणे तालुक्याचा विभागीय आराखडा 2023 मध्ये लोकांच्या विरोधानंतर ‘मागे घेतला’ गेला. तो मसुदाच होता. कायदा संपवला जातो तेव्हा शासकीय मराठीत त्याचे ‘निरसन’ होते. संस्कृतात ‘निरसन’ म्हणजे बाहेर टाकणे. शंकेचे निरसन तेच. ‘स्थगिती’ने मात्र काहीच संपत नाही, अंमल तेवढा थांबतो. स्थगिती उठली की तोच आदेश पुन्हा लागू होतो.

म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यावरील नोंद किंवा एखादा परवाना ‘रद्द’ झाल्याचा कागद हाती आला, तर त्या एका शब्दावर थांबू नये. कोणी रद्द केले आणि कोणत्या तारखेपासून, हे आधी वाचावे. मधल्या काळातील व्यवहार टिकणार की नाही, हे बहुधा त्या तारखेवरच ठरते.