पश्चिमेचा वारा

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा मी खिशातून होकायंत्र काढलं आणि हिनं कपाळाला हात लावला. पण मुंबईत सगळी गोम दिशेचीच! समुद्र पश्चिमेला, वारा तिकडचा. अन् दुपारचं ऊन, पावसाची झडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा घेऊन हे भांडण मिटवलं : ऊन-पाऊस व्हरांड्यात अडे, वारा तेवढा आत येई. चार्ल्स कोरियांनी कंबाला हिलवरच्या २८ मजली 'कांचनजंगा'त (१९८३) तोच व्हरांडा दुमजली उंचीच्या गच्च्या करून आभाळात चढवला.

आम्हीही पश्चिमेची गॅलरी बघूनच फ्लॅट घेतला. मग काचा लावून तिची खोली केली. तिथंच बसून हे लिहितोय. पंखा पाचावर आहे.