तापवलेलं चामडं: नगरची हलगी आणि जपानचा ओत्सुझुमी

जत्रेत किंवा वरातीत हलगीवाले वाजवायला उभे राहण्याआधी काय करतात, हे नगर जिल्ह्यातल्या बहुतेकांनी पाहिलंय. पाचट, कागद, काटक्या असं काहीतरी पेटवायचं आणि हलगी जाळावर धरायची. मधूनच एक ठोका मारून आवाज बघायचा. चामडं हवेतला ओलावा ओढून घेतं आणि सैल पडतं. शेकलं की ओलावा उडतो, चामडं आकसतं, ताण वाढतो. ताण चौपट झाला तर कंपनसंख्या दुप्पट होते. प्रत्यक्षात इतकी मजल जात नाही, पण बद्द आवाजाचा कडकडाट व्हायला थोडा फरकही पुरतो.

जपानच्या नोह नाटकात हेच चालतं, फक्त जास्त शिस्तीत. ओत्सुझुमी हे डमरूच्या आकाराचं वाद्य. त्याची पानं प्रयोगाआधी तासभर तरी कोळशाच्या आचेवर ठेवतात, आणि इतकं भाजल्यामुळे ती थोड्याच प्रयोगांत निकामी होतात. गंमत म्हणजे शेजारच्या वादकाच्या खांद्यावरच्या कोत्सुझुमीला नेमकं उलटं हवं असतं. तो त्याच्यावर श्वास सोडतो, ओल्या कागदाचा तुकडा चिकटवतो. एकाचा आवाज लाकडावर लाकूड आपटल्यासारखा, दुसऱ्याचा मऊ. कोत्सुझुमीचे ठोके पो, पु, ता, ची अशा बोलांनी पाठ करतात. ढोलकी शिकलेल्याला हे ओळखीचं वाटेल. नोहमधल्या नटालाही ही वाद्यं शिकावी लागतात.

इथपर्यंत भौतिकशास्त्र झालं. पण हे चामडं आणलं कुणी?

1378 साली क्योतोच्या गिओन उत्सवात शोगुन योशिमित्सुने झेआमी या पोरवयातल्या नटाला शेजारी बसवलं, तेव्हा एका दरबारी सरदाराने रोजनिशीत नाक मुरडलं, की हा तर भिकाऱ्यांचा धंदा. नोहची सुरुवात अशी. पुढे तोकुगावा काळात नोह शोगुनशाहीची समारंभाची कला झाली, नटांना तनखे मिळाले. कला वर गेली. जनावरं सोलणारे, कातडं कमावणारे, ढोल मढवणारे मात्र जन्माने अस्पृश्यच राहिले. ओसाकाची वातानाबे ही त्यांचीच वस्ती, ढोलांसाठी प्रसिद्ध. 1871 च्या फर्मानाने कायद्यातला भेद गेला, वागण्यातला नाही. म्हणून 1922 मध्ये त्यांना सुइहेइशा ही संघटना काढावी लागली.

आपल्याकडची गोष्ट वेगळी सांगायची गरजच नाही. मेलेलं जनावर ओढणं महारांकडे. हलगी मांगांकडे आणि बऱ्याच ठिकाणी महारांकडेही. तमाशाही त्यांचाच. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा महार समाजातली. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, तिच्याबरोबर फडात उभे राहिले तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकलं. इथे मात्र नोहसारखं झालं नाही. तमाशाला नोहसारखी टिकाऊ दरबारी प्रतिष्ठा मिळाली नाही.

1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचं मांस सोडायला सांगितलं. पुढे अनेक गावांत महारांनी जनावरं ओढणं आणि हलगी वाजवणंही सोडलं. याला कुणी 'लोककलेचं नुकसान' म्हटलं की मला राग येतो. बलुत्याच्या भाकरीसाठी वाजवायला लागणं ही कला नव्हती, वेठ होती. गाणं तर त्यांनी सोडलंच नाही. 1931 च्या सुमारास भीमराव कर्डकांनी नाशिककडे आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा ठेवला, आशय बदलला, आणि हे जलसे गावोगाव फिरले.

ओसाकात उलट वाट निघाली. जुन्या वातानाबेच्या जागी आज नानिवा आहे. तिथल्या तरुणांनी 1987 मध्ये ढोलपथक काढलं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वस्तीने ढोल बनवले होते, वाजवले दुसऱ्यांनी. पथकाचं नाव 'इकारी'. जपानीत त्याचा अर्थ राग.