वसईचा कोट : तट, बुरूज आणि सुरुंग

आजचा विषय वसईचा किल्ला. कांजूरमार्गला बसून वसई कशाला, असं कुणी म्हणेल. तर आपण बसलोय ती जमीन साष्टी बेटाची. साष्टीच्या उत्तरेला खाडी आणि खाडीपलीकडे वसई. दोनशे वर्षं या मुलखाचा कारभार त्या कोटातून चालला.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगिजांना दिली. मुंबईची बेटंही त्याच तहात गेली. पुढे तटाच्या आत एक अख्खं शहर वसलं : चर्च, मठ, वाडे, बाजार. जपानात नागासाकीला १५९७ मध्ये हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे.

आता बांधणी बघा. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूची भीती जगभर होती. चीनमध्ये पेंगलाईला मिंग राजवटीनं १३७६ मध्ये तटबंदीच्या आतच आरमाराचं बंदर घेतलं. आपल्या सिंधुदुर्गाचा तट खडकाच्या कडेनं नागमोडी जातो. वसईची रीत वेगळी. इथे दहा बुरूज आहेत, बाणाच्या टोकासारखे. गोल बुरुजाच्या पायथ्याशी तोफेच्या माऱ्यातून सुटणारी थोडी जागा राहते. शत्रू तिथे येऊन बसला की वरून दिसत नाही. टोकदार बुरुजाची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजावरून दिसते. म्हणजे एक बुरूज दुसऱ्याची राखण करतो. ही निव्वळ भूमिती आहे.

मग असा कोट पडला कसा? १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली. १७३९ च्या सुरुवातीला माहीम, तारापूर पडलं. वसई एकटी पडली. दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला दलदल. चालून जाण्याजोगी बाजू एकच, उत्तरेची. फेब्रुवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेनं तिथेच मोर्चे लावले. तोफेला उत्तर देणारी भूमिती जमिनीवरची होती. मराठे जमिनीखाली गेले. खंदक खणत पुढे सरकले आणि बुरुजाखाली सुरुंग भरले. काही सुरुंग फुकट गेले. एक उशिरा उडाला, तेव्हा वर चढणारी आपलीच माणसं त्यात गेली. तरी पुन्हा खणलं. मे महिन्यात सेबास्तियनचा बुरूज फुटला आणि १६ मेला शरणागतीचा करार झाला. पोर्तुगिजांना बायकामुलांसह, मानानं जाऊ दिलं.

आपल्याला काय पाठ असतं? माझं डोकं तोफेनं किल्ल्यात उडवा, हे अप्पांच्या तोंडी घातलेलं वाक्य. ते म्हटलं गेलं असेल, नसेलही. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून मला कारण आणि निमित्त यांत फरक करावासा वाटतो. जिद्दीचं वाक्य हे निमित्त. कारण म्हणजे तीन महिने कुदळ चालवणारे हात, तुटलेली रसद आणि नीट हेरलेली उत्तर बाजू. वाक्य राहिलं, खणणाऱ्यांची नावं राहिली नाहीत. इतिहास फक्त वाक्यांचा केला की त्या माणसांना आपण दुसऱ्यांदा गाडतो.

आणि जिंकलेला कोट टिकतोच असंही नाही. १७८० मध्ये गॉडर्डनं वसई घेतली. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला, तोही वसईलाच. तेव्हा एक दगडही फोडावा लागला नाही.

वसईला जाल तेव्हा चर्चची पडकी कमान बघाच. सगळे तिथे फोटो काढतात. पण उत्तरेच्या तटापर्यंतही चालत जा आणि नजर जरा खाली, पायाकडे न्या.

प्रश्न असतील तर विचारा.