डुकरिणीचे घरटे आणि विजेचा दिवा

१९०८ साली अमेरिकेतील मॅडिसन या गावी एक पुस्तक निघाले. राहती घरे, खेड्यांतील शाळा आणि जनावरांचे गोठे यांतील हवा खेळती कशी ठेवावी, हा त्याचा विषय. शाळा आणि गोठा एकाच पुस्तकात बसवलेले पाहून आपल्यापैकी काहींना हसू येईल. पण लेखक फ्रँकलिन हायरम किंग यांच्या दृष्टीने दोन्हीकडचा प्रश्न एकच होता. बंद जागेत पुष्कळ देह एकत्र असले की ते उष्णता देतात आणि त्याबरोबर बाष्प व कार्बन डायऑक्साइडही सोडतात. खिडक्या उघडाव्या तर ऊब जाते. मिटाव्या तर हवा कोंदते आणि भिंतींवर पाणी साचते. किंग आधी शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेत विज्ञान शिकवीत, पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात शेतीच्या भौतिकीचे प्राध्यापक झाले.

त्यांची रचना वर्गात फळ्यावर काढून दाखवावी अशी आहे. बाहेरची थंड हवा भिंतीतल्या पोकळीतून वर चढून छताजवळ आत येई. कोंदट हवा मात्र एका उंच धुराड्यातून छपराबाहेर जाई, आणि या धुराड्याचे आतले तोंड जमिनीलगत असे. गरम हवा वर जाते, तेव्हा ती वरूनच बाहेर काढावी, असे आपल्याला वाटते. किंग यांचा हिशेब उलटा होता : वरची ऊबदार हवा का दवडायची? खालची गारठलेली हवा जाऊ द्या. धुराड्यातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलकी, आणि त्यामुळेच ओढ निर्माण होते. पंखा नाही, शेगडी नाही. इंधन एकच, जनावराने खाल्लेला चारा.

गाईंच्या गोठ्याला एवढे पुरत होते. डुकरांच्या गोठ्यातली अडचण मात्र निराळी आहे. मोठे डुक्कर ही चांगली शेगडीच आहे. शंभर वॅटच्या दिव्याहून जास्त उष्णता ते सतत बाहेर टाकते. त्याला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून उकाडा सोसत नाही. व्यायलेल्या डुकरिणीला १८-२० अंश सेल्सियस मानवते. तिच्या नुकत्याच जन्मलेल्या, दीड किलोच्या आतबाहेरच्या पिल्लाला मात्र सुमारे ३४ अंश लागतात. खोली पिल्लांसाठी तापवली तर आई खाणे कमी करते आणि दूध आटते. आईसाठी थंड ठेवली तर पिल्ले उबेसाठी तिला बिलगतात आणि तिच्याखाली चिरडून मरतात.

पिल्लू इतके हळवे का? वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त, हे एक कारण. दुसरे कारण अधिक नवलाचे. माणसाच्या तान्ह्या बाळात तपकिरी चरबी असते. ती न थरथरता उष्णता निर्माण करते. डुकराच्या पिल्लात ती नसते. तिच्यासाठी लागणारे जनुक डुकरांच्या पूर्वजांत सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच निकामी झाले, असे स्वीडिश संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. मग रानडुकरांची पिल्ले जगतात कशी? रानडुकरीण विण्याआधी गवत आणि फांद्या गोळा करून घरटे बांधते. खुरांच्या प्राण्यांत ही सवय डुकरांचीच.

गोठ्यात पेंढा होता तोवर घरट्याचे काम थोडेफार भागत होते. केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथील संस्थेत लॉरेन्स माउंट यांनी पिल्लांचा प्राणवायूचा खर्च मोजला. एकमेकांना चिकटून झोपलेल्या पिल्लांना तो कमी लागतो, हे त्यांनी १९६० मध्ये मांडले. काँक्रीटवर ऊब किती झपाट्याने जाते आणि पेंढा ती कशी राखतो, याचीही मापे त्यांनी घेतली. पण याच काळात युरोप-अमेरिकेत फटींची जमीन पसरत होती. मलमूत्र फटींतून खाली पडते, झाडलोट वाचते. पेंढा या मोऱ्या तुंबवतो, म्हणून तो गेला. त्याच्या जागी २५० वॅटचा तांबडा दिवा टांगला गेला. विद्यार्थ्यांना हिशेब करायला सांगावा : दिवसरात्र चालणारा असा एक दिवा रोज ६ युनिट वीज खातो. वीस डुकरिणींच्या खोलीत १२० युनिट झाले, आणि त्यातली बरीच उष्णता पिल्लाला न लागता पंख्यावाटे बाहेर जाते.

१९७३ च्या तेलसंकटाने हा खर्च बोचू लागला. डेन्मार्कची त्या वेळची ऊर्जा बहुतेक आयात तेलावर चाले, आणि त्या देशात माणसांपेक्षा डुकरे जास्त. तिथल्या शेतकऱ्यांनी पुढे अंगिकारलेला उपाय अगदी साधा आहे. खोली तापवायची नाही. कोपऱ्यात खोपा करायचा. वर झाकण, समोर पट्ट्यांचा पडदा, खाली कोमट जमीन. आत पिल्लांची स्वतःची ऊब साठते, बाहेर हवा थंड. आईपासून तोडलेल्या पिल्लांच्या गोठ्यांतही हेच ‘दोन हवामानां’चे कप्पे आले, पिल्ले वाढली की झाकण उचलायचे.

याहून पुढची पायरी म्हणजे मलमूत्राच्या खड्ड्याखालच्या काँक्रीटमध्ये नळ्या घालून तिथली उष्णता हीट पंपाने खेचणे आणि पिल्लांच्या जमिनीखाली सोडणे. पंपाला दिलेल्या एका युनिट विजेमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. खड्डा थंड झाल्याने अमोनियाही कमी सुटतो. आम्हाला ही युक्ती मोठी चतुर वाटते. पण ऐन उन्हाळ्यात त्या उष्णतेला गिऱ्हाईक नसते, हेही सांगितले पाहिजे.

डुकरीण मात्र अजून घरटेच शोधते. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमानुसार विण्याआधीच्या आठवड्यात तिला घरट्यासाठी पुरेसे साहित्य द्यावे लागते. मलमूत्राच्या मोऱ्यांमुळे ते तांत्रिकदृष्ट्या अशक्य असेल तर सूट आहे. जिथे पेंढा मिळत नाही, तिथे ती विण्याच्या आदल्या दिवशी रिकाम्या काँक्रीटवर पाय घासत आणि नाकाने उकरत राहते.