एअरब्रश : रंग नीट न उडणे

एअरब्रशमधून रंग नीट उडत नसेल, तर दोष बहुधा तीनपैकी एका जागी असतो : रंगात, हवेत किंवा सुई-नोझलच्या जोडीत. दुहेरी क्रियेच्या ब्रशमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की नोझलच्या तोंडात बुचासारखी बसलेली सुई मागे सरकून रंगाला वाट देते. नोझलचे छिद्र साधारणपणे ०.२ ते ०.५ मिमी. असते. वाळलेल्या रंगाचा एखादा कणही ते अडवायला पुरतो.

ब्रश उघडण्याआधी कप धुऊन त्यात नुसते पाणी, किंवा थिनरचा रंग असल्यास थिनर, घालून उडवून पाहावे. फवारा बारीक आणि सरळ आला तर ब्रश बहुधा ठीक असतो, बिघाड रंगाचा. रंग दुधाइतका पातळ असावा आणि कपात ओतण्यापूर्वी मलमलीतून गाळून घ्यावा. रंग दाट किंवा दाब कमी असेल तर फवारा दाणेदार पडतो. याउलट रंग फार पातळ, दाब जास्त आणि ब्रश पृष्ठभागाच्या फार जवळ असेल, तर थेंब कोळ्याच्या पायांसारखे चहूकडे पळतात. बारीक कामाला १५ ते २५ पौंड (दर चौ. इंचास) दाब पुरतो; तो ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना वाचावा, कारण बंद ब्रशवर काटा जास्त दाखवतो.

कपात बुडबुडे येणे हे हवा उलटी शिरत असल्याचे चिन्ह. पुढची टोपी सैल असते, नोझलची बैठक खराब झालेली असते किंवा नोझल तुंबलेले असते. आधी टोपी हाताने घट्ट करावी. फवारा एका बाजूला जात असेल तर सुईचे टोक वाकलेले असण्याचा संभव मोठा. टोक नखावर टेकवून हलकेच फिरवले की वाकलेला आकडा ओरखडतो. थोडा बाक गुळगुळीत कठीण पृष्ठभागावर टोक फिरवत ओढून निघतो. नोझलला चीर गेली असेल तर मात्र ते बदलावेच लागते.

मधूनच थुंकल्यासारखे ठिपके पडतात, त्याचे नेहमीचे कारण सुईच्या टोकावर सुकलेला ॲक्रिलिक रंग. ओल्या कुंचल्याने तो पुसावा. रंगात वाळणे लांबवणारे द्रव्य घातले तर ही कटकट कमी होते. दुसरे कारण हवेतले पाणी. पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांत रंगकामाची घाई ऐन पावसाळ्यात असते आणि त्या दमट हवेत काँप्रेसरच्या टाकीत पाणी लवकर साचते. टाकीचा खालचा नळ रोज उघडून ते काढावे आणि नळीवर पाणी धरणारा सापळा बसवावा.

ट्रिगर मागे ओढूनही रंग येत नसेल, तर सुई पकडणारा मागचा नट आधी तपासावा. तो सैल असला की ट्रिगर हलतो, सुई जागची हलत नाही. एवढ्या क्षुल्लक कारणासाठी सगळा ब्रश सोडवून बसणारे पुष्कळ.

खरे नुकसान पुष्कळदा साफसफाईतच होते. नोझल काढण्यापूर्वी सुई मागे ओढून घ्यावी, नाहीतर तिचे टोक वाकते. नोझलच्या छिद्रात टाचणी घालू नये. ते थिनरमध्ये भिजवून मऊ केसांच्या कुंचल्याने साफ करावे. बसवताना पान्याने जोर लावल्यास त्याचे नाजूक आटे तुटून ब्रशमध्येच अडकतात. अख्खा ब्रश थिनरमध्ये बुडवला तर आतील साध्या रबराच्या ओ-रिंगा फुगतात आणि ट्रिगर अडकू लागतो.

सुटे भाग घेताना सुई आणि नोझल एकाच मापाचे घ्यावे लागतात, ०.५ ची सुई ०.३ च्या नोझलचे तोंड नीट बंद करीत नाही.